प्रत्येक कोण?

“टोपली रिकामी आहे. तरीही ‘या टोपलीतला प्रत्येक मासा सोन्याचा आहे’ हे वाक्य खरंच ठरतं. यात न कळण्यासारखं काय आहे, सर?”

रेवती बांदिवडेकर शहरातल्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवायची. तिला ते शिकवलं होतं केळुसकर सरांनी. निवृत्तीनंतर सर खाडीकाठी येऊन राहिले होते.

सकाळ होती. धुक्यात पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. समोर एक होडी तरंगत होती... कशावर, ते दिसत नव्हतं.

“कुणाला कळलं नाही?” सरांनी विचारलं.

“अख्ख्या वर्गाला! वाक्य खोटं पाडायचं, तर सोन्याचा नसलेला एक तरी मासा टोपलीतून काढून दाखवा. नाही ना दाखवता येत? मग वाक्य खरं. इतकं सरळ आहे. पण यमुना तांडेल नावाची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘मॅडम, मासाच नाही, तर प्रत्येक कोण?’”

“मग?”

“मी हसले. वर्गही हसला.”

“आणि यमुना?”

“खाली बसली... दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.”

सर बाकावर मागे टेकून बसले.

“माझं काही चुकलेलं नाही,” रेवती म्हणाली. “मुलांच्या प्रत्येक शंकेला मी उत्तर देते. एकही टाळत नाही.”

“त्या दिवसानंतर किती शंका आल्या?”



होडी धुक्यात विरून गेली. वल्ह्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“एकही नाही,” ती हळूच म्हणाली.

“म्हणजे ‘प्रत्येक शंकेला मी उत्तर देते’ हे तुझं वाक्य खरंच ठरतं.”

तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला. काचेवर काहीच नव्हतं. तरी ती पुसतच राहिली.

...

“मी आजच यमुनाच्या घरी जाते,” चष्मा परत लावत ती म्हणाली. “तिला पुन्हा नीट समजावून सांगते.”

“नको. तिला इकडे घेऊन ये.”

“तुम्ही समजावाल?”

सर बाकावर जरा सरकून बसले, आणखी एका माणसाला जागा होईल इतके.

“चौतीस वर्षं शिकवलं मी ते, रेवती... मला अजून पटलेलं नाही.”