कोरा रकाना

लावा पैज. ह्या गोष्टीत 'शाबास' कुणाला मिळते आणि भुर्दंड कुणाला पडतो, ते आत्ताच सांगा. जो बरोबर सांगंल त्याला माझ्या वाटणीचा चहा. बाकीच्यांनी गप ऐकायचं.

"गुरुजी, ह्यात आता कुठं चूक काढणार तुम्ही?"

भैरवनाथ सरांनी टाचणवही पुढं सरकवली. टाचण म्हंजे उद्या काय शिकवायचं ते आजच लिहून ठेवायचं. डाव्या रकान्यात मास्तर काय विचारणार, उजव्या रकान्यात पोरं काय उत्तर देणार.

दौलू गुरुजींनी चष्मा कपाळावर ढकलला. ऐंशीला टेकलेला म्हातारा, पण खोडी करायची खोड तशीच.

"पोरांची उत्तरं पण तूच लिहिलीस?"

"सगळेच मास्तर लिहितात, गुरुजी."

"आणि पोरांनी भलतंच सांगितलं तर?"

"न्हाई सांगत. पिच्चरमध्ये सगळं बसवलंय."

पिच्चर म्हंजे पडद्यावर दाखवायचा धडा, सरांनी स्वतः केलेला. आवाज पण स्वतःचाच. आधी प्रश्न, मग पाच सेकंद शांतता, मग "शाबास! अगदी बरोबर!" आणि वर टाळ्या.

सोमवारी साहेब पाठ बघायला येणार होते. पाठ पसंत पडला की सरांची नेमणूक तालुक्याला, बाकीच्या मास्तरांना कॉम्प्युटरवर शिकवायचं कसं ते शिकवायला. बायको-लेक तालुक्यालाच राहायची. रोजची साठ किलोमीटर फटफटी सुटणार होती.

"शनवारी रंगीत तालीम हाय. येता बघायला?"

"...येतो की."

शनिवारी म्हातारा आला. एकवीस वर्षांनी त्या वर्गात पाय ठेवला, आणि आधी काय बघितलं असंल? फळ्याशेजारचा खिळा.

त्या खिळ्याला एके काळी गुरुजींचा दाढीचा आरसा लटकायचा. फळ्यावर लिहिताना पाठ पोरांकडं, डोळा आरशात. तिसऱ्या बाकावर चिंचा चोखणारा भैऱ्या त्याच आरशात सापडायचा. तोच भैऱ्या आता भैरवनाथ सर. आणि त्याच खिळ्याला आता पडदा बांधलेला.

"खिळा टिकला बघ," गुरुजी म्हणाले, आणि मागच्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले.

खिडक्या लागल्या. अंधार झाला. धडा होता सावलीचा.

पडद्यावर सूर्य उगवला. लाल, गोल, एकदम झकास. सर पोरांकडं पाठ करून तिकडंच बघत राहिले. स्वतःचा आवाज ऐकायला कुणाला गोड लागत न्हाई?

"मुलांनो, सावली कधी लांब होते?"

पाच सेकंद...

"शाबास! अगदी बरोबर!"

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेरा मिनिटांचा पिच्चर संपायला आला तशी त्यांनी खिडकी उघडली, मागं वळले...

बाक रिकामे. सगळे.

"मुलांनो, दुपारी सावली लहान का होते?" पडदा विचारत होता.

पाच सेकंद... एक चिमणी आत येऊन गेली.

"शाबास! अगदी बरोबर!" टाळ्या.

सर तसेच पळत बाहेर आले. झेंड्याच्या खांबाभोवती पोरांचं कोंडाळं. खडू घेऊन खांबाच्या सावलीवर रेघा मारणं चाललेलं, आणि मधी धोतर खोचून म्हातारा उकिडवा बसलेला.

"गुरुजी! माझी पोरं पळवलीत?"

"मी नुसतं दार उघडलं." म्हाताऱ्यानं वर बघितलं. "तुझ्या यंत्राला कळलं का?"

सरांनी वळून वर्गाकडं बघितलं.

"तोंड चांगलं हाय रे त्याला. कान कुठायत?"

म्हाताऱ्यानं पिशवीतनं एक जुनी टाचणवही काढली. कडा उंदरानं कुरतडलेल्या. डावा रकाना निळ्या शाईचा. उजवा पेन्सिलीचा.

"उजवा मी कोरा ठेवायचो. शाळा सुटली की भरायचो."

पान सावलीच्याच धड्याचं. सरांनी वाचलं.

'भैरू: सावली दिवसभर आपल्या मागनं पळून दमते. म्हणून सांजंला लांब आडवी पडते.'

खाली कुठल्या तरी जुन्या साहेबाची लाल शाई. 'तपासणीवेळी रकाना कोरा. टाचण अपूर्ण.'

सर त्या पेन्सिलीच्या ओळीकडं बघत राहिले... तो खिळा, तो आरसा, त्या चिंचा...

"हे मी म्हणालो होतो?"

गुरुजींनी वही काढून घेतली. "सोमवारचं तुझं तू बघ."

सोमवारी साहेब आले. सरांनी पडद्यावर सूर्य उगवू दिला, प्रश्न वाजवला, आणि 'शाबास' यायच्या आत पिच्चर थांबवला. खिडक्या उघडल्या. पोरांकडं तोंड केलं. टाचणाचा उजवा रकाना पांढराफेक.

एका प्रश्नात अख्खा तास गेला. साहेबांनी तीनदा घड्याळ बघितलं.

सांजंला सर गुरुजींच्या कट्ट्यावर येऊन टेकले.

"गेलं, गुरुजी. 'पाठ अपूर्ण' लिहिलं. तालुक्याला दुसऱ्याला घेतलं."

"...बायको काय म्हणाली?"

"अजून सांगितलं न्हाई."



"पोरं बोलली?"

"थांबंनात. फोनमध्ये धरून ठेवलंय सगळं."

"मग कान हायत की त्याला! लाव."

सरांनी ते लावलं. गलका, बाक सरकल्याचा आवाज, मग मुजावरांच्या मिसबाचा बारीक आवाज.

"सर, दुपारी लई ऊन लागतं. म्हणून सावली आपल्याच सावलीत येऊन बसते."

गुरुजींनी ते दोनदा लावायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग सरांच्या पाठीवर थाप मारली.

"म्हंजे एक तालुका देऊन हे मिळालं तुला?"

"व्हय, गुरुजी."

"स्वस्तात सुटलास, भैऱ्या. तुझं उत्तर मला हेडमास्तरच्या खुर्चीला पडलं होतं."