डुलबाचं गवत दबलं

विषय : गवताचा झुबका परत मिळणेबाबत.
अर्जदार : डुलबा समुद्रघोडा, उंची बोटभर.
पत्ता : खाडीचं तोंड.
तातडी : फार.

हकिगत अशी.

डुलबाच्या पोटाला पिशवी. पिशवीत शंभर पिल्लं. हो, बाबांच्याच पोटात. समुद्रघोड्यांत असंच असतं. पिल्लं आजच बाहेर यायची होती.

डुलबाला पोहणं बेताचंच. तो गवताला शेपटी गुंडाळतो आणि डुलतो. डुलुक डुलुक. एवढंच त्याचं काम. ते तो मन लावून करतो.

पण आज होडी आली. नांगराचा दगड पडला. धप्प! गवत दगडाखाली गेलं. शेपटी सुटली.

त्यातच ओहोटी लागली. पाणी समुद्राकडे निघालं. सुळ् सुळ् सुळ्. पाण्याबरोबर डुलबा निघाला.

आणि पुढे गोबरा मासा बसला होता. आऽऽ करून.

डुलबा गेला गवताकडे. फुर फुर, फुर फुर.

"गवतताई, गवतताई,
शेपटीनं धरू काय?
उठतेस की नाय?"

"दगड सरकेल तर उठेन. तोवर नाही."

सुळ् सुळ् सुळ्. गोबरा दहा हातांवर. आऽऽ!

डुलबा गेला दगडाकडे. फुर फुर, फुर फुर.

"दगडोबा, दगडोबा,
गवत उठेना,
शेपटीनं धरू काय?
सरकता की नाय?"

"मला टाकताना कुणी विचारलं होतं? दोर ओढेल तर सरकेन. तोवर नाही."

सुळ् सुळ् सुळ्. गोबरा आठ हातांवर. आऽऽ!

डुलबा गेला दोराकडे. फुर फुर, फुर फुर.

"दोरदादा, दोरदादा,
दगड सरकेना,
गवत उठेना,
शेपटीनं धरू काय?
ओढतोस की नाय?"

"मी बांधलेला आहे रे बाबा. होडी हलेल तर ओढेन. तोवर नाही."

सुळ् सुळ् सुळ्. गोबरा सहा हातांवर. आऽऽ!

डुलबा गेला होडीकडे. फुर फुर, फुर फुर.

"होडीमावशी, होडीमावशी,
दोर ओढेना,
दगड सरकेना,
गवत उठेना,
शेपटीनं धरू काय?
हलतेस की नाय?"

"माझं बूड वाळूत टेकलंय. तांडेल वल्हवेल तर हलेन. तोवर नाही."

सुळ् सुळ् सुळ्. गोबरा चार हातांवर. आऽऽ!

होडीत भिवा तांडेल जाळं शिवत बसले होते. होडी त्यांचीच. डुलबानं पाण्याबाहेर नाक काढलं.

"तांडेलकाका, तांडेलकाका,
होडी हलेना,
दोर ओढेना,
दगड सरकेना,
गवत उठेना,
शेपटीनं धरू काय?
वल्हवता की नाय?"

"अरे घोड्या, घोटाभर पाणी! यात वल्हं मारू की वाळू नांगरू? पाणी वाढेल तर वल्हवेन. तोवर नाही."

सुळ् सुळ् सुळ्! गोबरा दोन हातांवर. आऽऽ!

पोटात पिल्लं हलली. चुळबुळ चुळबुळ. डुलबा थकला. फुर... फुर... फुर...

आता उरली फक्त ओहोटी.

"ओहोटीआत्या, ओहोटीआत्या,
तांडेल वल्हवेना,
होडी हलेना,
दोर ओढेना,
दगड सरकेना,
गवत उठेना,
शेपटीनं धरू काय?
परत येता की नाय?"

"नाय," ओहोटी म्हणाली. "किनाऱ्याला मी 'जाते' म्हणाले. म्हणजे जाणार. मी शब्दाची पक्की आहे."

गोबरा म्हणाला, "बरोबर आहे. ये रे घोड्या, आत बसून बोलू."

एक हात. अर्धा हात. गोबऱ्याचे दात दिसले.

डुलबा ओरडला, "आत्या! 'जाते' म्हणालात? निघताना कुणी 'जाते' म्हणतं का?"

ओहोटी वरमली. "अगंबाई! मग काय म्हणतात?"

"शहाणी माणसं काय म्हणतात, आठवा!"

"हां हां. चुकलंच माझं. येते हं मी. येते!"

"म्हणालात!" डुलबा म्हणाला. "आता या!"

ओहोटी थांबली. पाणी थांबलं. गोबऱ्यानं तोंड मिटलं. खट्! तोंडात काहीच नाही. नुसतं पाणी.

"बोलले खरी," आत्या पुटपुटली. "शब्दाची पक्की ना मी." आणि ती वळली. ओहोटीची झाली भरती. डुलबाला घेऊन आली. खळ् खळ् खळ्!

पाणी वाढलं.
तांडेल वल्हवू लागले.
होडी हलली.
दोर ओढू लागला.
दगड सरकला.
गवत उठलं.
डुलबानं शेपटी गवताला गुंडाळली. घट्ट!

डुलुक डुलुक. डुलुक डुलुक.

मग पिशवी उघडली. पुक्! एक पिल्लू. पुक्! दुसरं पिल्लू. पुक् पुक् पुक्! शंभर पिल्लं. शंभर शेपट्या. कुणी गवताला धरलं, कुणी एकमेकांना धरलं, आणि एकानं तर बाबांच्या नाकालाच धरलं.

"सोड रे," बाबा म्हणाले. त्यानं सोडलं नाही.

गोबऱ्यानं भरतीकडे अर्ज दिला आहे. विषय : जेवण हुकल्याबाबत. भरती म्हणाली, "हे काम ओहोटीकडे." ओहोटी म्हणाली, "हे काम भरतीकडे."

अर्जावर अजून निर्णय झालेला नाही.