परटिणीची फिर्याद

नदीकाठच्या एका गावात एक परीट राहायचा. गुडघाभर पाण्यात उभं राहून दिवसभर कपडे आपटायचे, हा त्याचा जन्माचा धंदा. पन्नाशी आली तशी त्याच्या गुडघ्यांना वाताने धरलं. घाटाच्या चार पायऱ्या उतरतानाही बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या गावात एक वैद्य होता. त्याची पांढरी पुडी घेतली की दुखणं घटकाभरात पळायचं. बरं वाटलेल्या माणसाने आपली काठी वैद्याच्या अंगणात ठेवून जायचं, अशी तिथली रीत होती. अंगणात काठ्यांचा ढीग लागला होता. त्या ठेवून गेलेली माणसं पुढे जगली की मेली, हे विचारायला मात्र कुणी गेलं नाही. एवढी उठाठेव करतो कोण?

परटानेही काठी ठेवली. दोन महिने तो तरण्या पोरासारखा घाट चढला-उतरला. मग त्याचे पाय सुजले, धाप लागू लागली.

"अहो, वैद्यबुवांना विचारा तरी," परटीण म्हणाली.

वैद्य म्हणाला, "औषध अंगात मुरतंय. एकाच्या दोन पुड्या घे."

परटाने दोन घेतल्या. आठव्या दिवशी धुणं आपटता आपटता तो छाती धरून पाण्यात कोसळला, तो उठलाच नाही.

परटीण उरलेल्या पुड्या पदरात बांधून न्यायाधीशाकडे गेली. "माझा धनी काही परत येत नाही, महाराज. पण ही पुडी बंद करा. घाटावरची अजून बारा माणसं ती घेतायत."

वैद्याला बोलावणं गेलं. तो आला तो लंगडत, काठी टेकत.

"बुवा, तुमचेही गुडघे दुखतात? मग तुम्ही का नाही घेत पुडी?" परटिणीने विचारलं.

"माझं काळीज अधू आहे, बाई," वैद्य बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

परटिणीला वाटलं, आता न्याय झालाच. पण न्यायाधीश मान वर करीना. त्याच्याही गुडघ्यांना वात होता, आणि सकाळचीच पुडी त्याच्या पोटात होती.

"औषध ज्याने घेतलं, त्यानेच फिर्याद करावी, असा कायदा आहे," तो पुटपुटला. "नवऱ्याला घेऊन ये."

"तो मेलाय, महाराज!"

"मग फिर्याद कुणाची? शिवाय वैद्याच्या अंगणात तीनशे काठ्या आहेत. त्या तीनशे साक्षी झाल्या."

परटीण घरी आली. दारात शेजारची म्हातारी बसली होती. तिच्या हातांची बोटं वाकडी झाली होती.

"सगळं कळलं गं मला. पण चार दिवस झाले, हातात घास धरवत नाही. त्या उरलेल्या पुड्या मला दे."

परटिणीने पदराची गाठ सोडली आणि सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या.

म्हातारी ढसाढसा रडली. "तुझ्या नवऱ्याला दोन महिने तरी सुख मिळालं. मला तेवढंही नको का?" असं म्हणून ती भिंत धरत, पाय ओढत वैद्याच्या वाटेला लागली. परटिणीला तिला अडवता आलं नाही. तिच्यापाशी द्यायला दुसरं औषध नव्हतं.

तात्पर्य एवढंच: दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. औषध आणखी काय काय करतं, ते घेण्याआधी विचारा. आणि फिर्याद करायची तर जिवंत आहात तोवर करा, मेलेल्याची कुणी लिहून घेत नाही.