जोडबेडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही सांगता येणार नाही.

त्या राजाला पहारेकऱ्यांवर खर्च करायचा कंटाळा होता. म्हणून त्याने तुरुंगासाठी एक सोयीचा कायदा काढला. कैद्यांना जोडीजोडीने एका साखळीत अडकवायचं. एकजण पळाला, तर त्याची उरलेली शिक्षा मागे राहिलेल्याने भोगायची. जोडीदार पळतोय असं त्याने सूर्यास्ताच्या मोजणीआधी ओरडून सांगितलं, तर मात्र त्याची स्वतःची शिक्षा निम्मी. पहारा फुकटात होऊ लागला आणि राजाला आपण फार शहाणे आहोत असं वाटू लागलं.

त्या तुरुंगात एक तरणा पोरगा होता. त्याने गावच्या पाटलाचा घोडा जत्रेत मिरवायला नेला आणि घोड्याचा पाय मोडून घेऊन आला. दोन वर्षांची शिक्षा. त्यातले आठच महिने उरले होते.

आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं होतं. दर महिन्याला ती दोन दिवस चालत भेटीला येई, फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन. तिचं लग्न ठरलं होतं, पण तिने ते अडवून धरलं होतं.

"नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो," ती म्हणे. "आठ महिने काढ. घाई करू नको, कुणाच्या नादी लागू नको."

पण नादी लागायला तो आधीच लागला होता. त्याच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा दरोडेखोर होता. एकोणीस वर्षं बाकी असलेला. सगळा तुरुंग त्याला उस्ताद म्हणे.

जोडीने करायचं काम म्हणजे सतरंज्या विणणं. प्रत्येक जोडीला एक खोली, एक माग आणि दोन पंजे. पंजा म्हणजे धागा ठोकून बसवायची लोखंडी फणी. ठक-ठक, ठक-ठक असा दोन पंज्यांचा आवाज येत राहिला, की अंगणातला शिपाई खुशाल डुलक्या काढी.

विणता विणता उस्ताद आपले पराक्रम सांगे. नदीपलीकडच्या किल्ल्यातून तो कसा निसटला, सराफाची तिजोरी कशी फोडली, वेशीवरच्या पहारेकऱ्याला कसा बनवला. प्रत्येक गोष्टीत त्याचा एक साथीदार असे आणि तो हमखास मागे राहून पकडला जाई.

"बावळट होते सगळे," उस्ताद म्हणे.

पोरगा पोट धरून हसे. आपणही साथीदारच आहोत, हे काही त्याच्या डोक्यात येत नसे.

मग उस्तादाने त्याला पंज्याच्या मोडक्या दाताने बेडीचं कुलूप उघडायला शिकवलं. म्हाताऱ्याची स्वतःची बोटं आता थरथरत. पोराचा हात मात्र तिसऱ्याच दिवशी बसला.

"काय हात आहे लेका!" उस्ताद म्हणाला. "असा हुशार चेला जन्मात मिळाला नाही. माझ्यामागे तूच उस्ताद."

त्या पोराला आजवर कुणी हुशार म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दापुढे आठ महिने त्याला फार लांब वाटू लागले.

बेत सोपा होता. दर बाजारच्या दिवशी दुपारी विणलेल्या सतरंज्या गुंडाळून, सुतळीने बांधून खोलीबाहेरच्या ओट्यावर ठेवायच्या. हमाल त्या गाडीत घालून शहरात नेत. या खेपेला दोन गुंडाळ्यांत दोन माणसं जायची होती.

बाजारचा दिवस आला. पोराने आधी उस्तादाची बेडी उघडली, कारण चोरांच्यातही मान आधी गुरूचा असतो. उस्ताद सतरंजीवर आडवा झाला. पोराने त्याला गुंडाळलं, दोन्हीकडे सुतळी आवळली. मग सुतळीचा उरलेला तुकडा हातात धरून तो थबकला.

"उस्ताद, माझी गुंडाळी कोण बांधणार?"

सतरंजीच्या आतून आवाज आला, "मी आहे ना!"

पोराने आवळलेल्या गाठींकडे पाहिलं. आतून पुन्हा आवाज आला. "गाडी घाटात पोचली की मी उतरतो आणि शिपायाच्या वेशात तुला न्यायला येतो. तोवर तुझी बेडी राहू दे. दोन्ही पंजे वाजवत राहा, म्हणजे कुणाला शंका येणार नाही. हुशार आहेस तू, जमेल तुला."

झालं! पोराने फरफटत ती गुंडाळी ओट्यावर ढकलली. हमालांनी ती उचलली, माल जड असल्याची कुरकुर केली आणि गाडी निघून गेली.

पोरगा मागावर बसला. एका हातात एक पंजा, दुसऱ्या हातात दुसरा. ठक-ठक, ठक-ठक. एकदा त्याच्या मनात आलं, आता ओरडलो तर आठाचे चार महिने होतील. पण ज्याने आपल्याला हुशार म्हटलं, त्याला ओरडून धरून द्यायचं? दुपार कलली. खांदे भरून आले. वाटेवर शिपायाचं पाऊल वाजलं की तो आशेने दाराकडे बघे. उस्तादाच्या वाटचं विणकामही त्याने मन लावून केलं.

सूर्यास्ताला मोजणी झाली. तुरुंग सांभाळणाऱ्या किल्लेदाराने साखळीचं रिकामं टोक उचलून पाहिलं.

"ओरडला का नाहीस?"

"ते न्यायला येणार होते."

किल्लेदार हसला नाही. असल्या गोष्टी त्याने बऱ्याच ऐकल्या होत्या. त्याने एकोणीस वर्षं पोराच्या नावावर चढवली. उस्ताद पुढे कधी कुणाच्या हाती लागला नाही.

बहीण आली तेव्हा पोराने तिला सगळं सांगितलं. तिने फडक्याची गाठ सोडली.

"सोळा महिने मी सांगत होते, नादी लागू नको. माझं एक ऐकलं नाहीस. त्याचं सगळं ऐकलंस."

"तू मला कधी हुशार म्हणाली नाहीस, ताई," पोरगा म्हणाला.

"खोटं कशाला बोलू? हुशार असतास तर घोडा नेला असतास का?" तिने भाकरीवर ठेचा ठेवला. "हुशार नव्हतास, पण माझा होतास. तेवढं तुला पुरलं नाही."

तिने भाकरी त्याच्या हातात दिली आणि ती परत निघाली. त्याच वर्षी तिचं लग्न झालं.

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: जो तुम्हाला जगाला फसवायला शिकवतो, त्याच्या लेखी तुम्हीही त्या जगातलेच असता.