अंगठ्याला न दबणारा फोम

माणसांनी बूट घातले आणि तरी त्यांच्या टाचा दुखायच्या थांबल्या नाहीत, त्या काळची ही गोष्ट. दमयंतीबाई दुखऱ्या पायांसाठी मापाच्या गाद्या बनवून बुटात बसवून द्यायच्या. गाद्या कापायला त्यांच्या फळीवर दोन फोम होते. एक गुबगुबीत गुलाबी, दुसरा घट्ट करडा. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दोघांना अंगठ्याने दाबून बघायचं आणि गुलाबी पसंत करायचं.

"जरा दबत जा की," गुलाबी म्हणाला. "नाहीतर इथेच धूळ खाशील."

"खाईन. पण अंगठ्यापुढे वाकणार नाही."

एक दिवस रखमाजी हमाल आपली गुलाबी गादी परत घेऊन आला. तिचा पार पापड झाला होता. "बाई, टाच पुन्हा ठणकतेय." सवयीने त्याने करड्यावर अंगठा दाबला. "हा तर दगड आहे!"

करडा तडकला, "अंगठ्यावर चालतोस का रे? पाठीवर पोतं घे आणि उभा राहा माझ्यावर!"

रखमाजीही हट्टाला पेटला. पोतं घेऊन उभा राहिला. करडा हळूच खचला, त्याने टाच सावरून धरली आणि त्यापुढे तसूभरही दबला नाही. रखमाजी खाली उतरेना.

दमयंतीबाईंनी कात्री उचलली.

"कापा खुशाल," करडा म्हणाला. "पण माप टाचेचं घ्या."