गव्याचा कान

फार पूर्वी, रानात एकच पाणवठा उरला असताना कळपाचा म्होरक्या असलेल्या एका गव्याने तो अडवला आणि हरणांना हाकलून दिलं. तेव्हा बगळ्यांची म्होरकी धवला म्हणाली, “आजपासून गव्याच्या कळपातल्या कुणाच्याही अंगावरच्या गोचिडी टिपायच्या नाहीत.”

वासरं मलूल झाली. ते पाहून चिडलेला सगळा कळप गव्याच्या पाठीशी उभा राहिला. धवलाने हुकूम बदलला. “पाणी वासरांनी नाही अडवलं. सगळ्यांना साफ करा, फक्त म्होरक्याला शिवू नका.”

“बाई नरमल्या,” गवा हसला.

वासरं पुन्हा बागडू लागली. गवा मात्र दिवसभर झाडाला कान घासत राहिला, आणि आता त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, “धवलाबाई, एवढा कान तेवढा बघा.”

“बघते की. आधी हरणांना पोटभर पिऊ दे.”

गवा काठावरून बाजूला झाला.