उघड्या टोकाचा गळ

फार जुन्या काळी, म्हणजे नद्यांवर पूल नव्हते आणि माणसं पलीकडच्या तीराशी हाका मारून बोलत तेव्हा, एका नदीकाठी कोळ्यांची एक वस्ती होती. वस्तीतले सगळे जाळ्याने मासे धरत. जाळं खांद्यावर टाकून निघालेला माणूस दिसला की बायकापोरं बाजूला होऊन वाट देत, इतका तिथे जाळ्याचा मान होता.

नदीच्या पलीकडे, उंबराच्या झाडाखाली, एक म्हातारी एकटीच राहत होती. तिच्याकडे जाळं नव्हतं, भोपळे होते. दुधी वाळवायचे, आतला गर काढून पोकळ करायचे, तोंड मेणाने बंद करायचं. मग त्यांना दोरी बांधायची, दोरीला गळ, गळाला आमिष. संध्याकाळी चार-सहा भोपळे डोहात सोडून घरी जायचं. सकाळी जो भोपळा बुड्या मारताना दिसेल त्याच्याखाली मासा आहे असं समजायचं. म्हातारीची सगळी विद्या एवढीच, असं निदान पाहणाऱ्याला वाटे.

जाळेवाल्यांच्या मते हे आळशाचं काम होतं. त्यांच्यातला एक तरुण तर फारच तिखट जिभेचा. त्याच्यासारखं गोल जाळं फेकणारा वस्तीत दुसरा नव्हता आणि ही गोष्ट त्याला जरा जास्तच ठाऊक होती. एकदा भर पंगतीत तो मोठ्याने म्हणाला, "मासं धरतो भोपळा, आन् म्हातारी घोरती!" सगळी पंगत हसली. म्हातारीही पंगतीत बसली होती. तीही हसली आणि भात कालवू लागली.

माणूस वाईट नव्हता हो. जीभ तेवढी त्याच्या पुढे धावायची.

पुढे त्याचं लग्न झालं. वर्षभराने बायको बाळंत झाली आणि घरात काळ्याभोर जावळाची मुलगी आली. पण बाळंतपण जड गेलं होतं. बायको अंथरुणाला खिळली. तिला अन्न जाईना आणि अंगावर दूध उतरेना. मुलगी रडून रडून दमली की आवाज न करता नुसतं तोंड उघडायची. ते पाहून बाप उठून बाहेर जायचा.

सुईणीने बाळंतिणीच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याला बाहेर बोलावलं.

"शिंगट्याचं सार पाज हिला," ती म्हणाली. "तो मिशांचा मासा, हातभर लांबीचा. काटा कमी आन् अंगी लागतो. रोज वाटीभर सार पोटात गेलं तर दूध उतरंल. तवर पोरीला बोळ्यानं शेळीचं दूध पाज. पर लई दिस न्हाईत बाबा तुझ्याजवळ."

दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. थंडीत शिंगटा डोहाच्या तळाशी जाऊन बसतो आणि जाळं तिथवर पोचत नाही. त्याने दिवसभर जाळं फेकलं. दंड भरून आले आणि जाळ्यात नुसता पालापाचोळा आला. वस्तीतल्या बाकीच्यांचीही तीच गत.

"पल्याडच्या आजीला इचारा की," बायको क्षीण आवाजात म्हणाली. "तिचे गळ खोलवर जात्यात. तिला सांगा, माझी बायकू..."

"इचारतो म्हनलं ना!" तो म्हणाला आणि होडी काढली.

पण नदी ओलांडता ओलांडता त्याला पंगतीतलं आपलं बोलणं आठवलं. वल्ह्यागणिक ते जास्तच आठवू लागलं. त्यातून वस्तीची एक रीत होती. जाळेवाल्याने नदी सोडून कोणापुढे हात पसरायचा नाही. पोरं चालायला लागायच्या आत ही रीत शिकत.

म्हातारी उंबराखाली दोरी वळत बसली होती.

"काय आजी, बरं हाय न्हवं? थंडी लई पडली औंदा."

"पडली खरी. बस."

तो बसला. थंडीबद्दल बोलला. उंबराला फळ किती धरतं ते विचारलं. दोरीच्या पिळाचं कौतुक केलं, तेही दोनदा. म्हातारी हूं हूं करत राहिली. शेवटी तो म्हणाला, "आपलं सहजच इचारतो. जत्रंला पाव्हणे यायचेत. त्यास्नी एखादा दांडगा शिंगटा दावावा म्हनतो. गळ कसला लावावा, आन् आमिष कसलं?"

म्हातारीने दोरी खाली ठेवली. आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं म्हणून तिला आनंदच झाला होता.

"दांडगा पायजे तर गळ बी दांडगा," ती म्हणाली. "करंगळीवानी जाड. त्याला जिता मासा लाव, पाठीला टोचून. आन् दोरी तीन पुरुस, म्हंजी तीन मानसांच्या उंचीयेवढी, खोल सोड. मंग वाट बघ. दांडगा मासा म्हाताऱ्या मानसावानी असतो, उगा घाईनं तोंड उघडत न्हाई. आठ-धा दिस जातील. जत्रंला काय, महिना हाय अजून."

आठ-दहा दिवस ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"का रं?" म्हातारीने विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला.

म्हातारीने त्याला चार भोपळे दिले. जाड गळही दिले. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलं का तिला?"

"सांगितलं."

"मंग काय म्हनली?"

"म्हनली, लागंल."

दोन रात्री भोपळे डोहावर डुलत राहिले. दोन्ही सकाळी त्याने दोऱ्या ओढल्या. आमिषाच्या माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या होत्या, पण गळ तसेच. हातभर लांबीचे शिंगटे येऊन गेले होते, एवढा जाड गळ त्यांच्या तोंडात मावला नव्हता. म्हातारीचा सल्ला अगदी बरोबर होता. फक्त तो त्याने मागितलेल्या माशाचा होता, त्याला हव्या असलेल्या माशाचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा नदीपार गेला. पुन्हा थंडी झाली, पुन्हा उंबर झाला.

"माझा एक दोस्त हाय खालच्या गावचा," तो म्हणाला. "त्याला बी भोपळे सोडायची हौस. काय बी लागलं तरी चालंल म्हनतो. फकस्त लगोलग लागाय पायजे."

"हौसंला काय, बारीक गळ घ्यावा, सुईवानी," म्हातारी म्हणाली. "पिठाची गोळी करावी, गुळाच्या पाण्यात मळून. सकाळी काय ना काय लागतंयच."

लागलं खरं. दुसऱ्या दिवशी उजाडताना तीन भोपळ्यांखाली बोटाएवढे मासे लटकत होते, अंगभर काटे असलेले. ते बाळंतिणीच्या काय कामाचे? चौथा भोपळा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत गपकन खाली गेला. वर आला, पुन्हा गेला, आणि प्रवाहाच्या उलट दिशेने सुसाट निघाला. तो जिवाच्या आकांताने वल्ही मारत मागे गेला. भोपळ्याला हात लागणार तोच दोरी सैल पडली. त्याने ती वर ओढली. गळ सरळ झाला होता. तो गळ मुठीत धरून त्याने होडी घराकडे वळवली.

घरी आला तर बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारीण मुलीच्या ओठांना बोळा लावत होती आणि मुलगी आज बोळा चोखत नव्हती. दूध गालावरून ओघळून मानेखाली जात होतं.

तो तसाच उलट फिरला.

म्हातारी नुकतीच चूल पेटवत होती. तो समोर येऊन बसला. "काय आजी, थंडी..." एवढं म्हणाला आणि पुढचा शब्द फुटेना. मग फुटला तो हुंदकाच. पाहुणे नाहीत, दोस्त नाही, बायको अंथरुणाला आहे, मुलीला दूध नाही, सुईण काय म्हणाली, मी तुला काय काय खोटं सांगितलं, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. बाप्या माणसाला असं रडताना म्हातारीने फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती उठली, काठाशी गेली आणि पाण्यातली एक दोरी ओढू लागली. दोरीला वेताची टोपली होती, वरून झाकलेली. टोपली काठावर आली तशी आत काहीतरी धडपडलं. हातभर लांबीचा शिंगटा होता, जिवंत, मिशा हलवणारा.

त्याचे हात आपोआप टोपलीकडे गेले.

"तू पयल्या दिशी आलास तवा हितं तीन व्हते," म्हातारी म्हणाली. "येवढेच. तू म्हनलास, पाव्हण्यास्नी दावायला दांडगा पायजे. मला वाटलं, हे तुझ्या काय कामाचे? एक वाटसरूला दिला. आन् एक..." तिने कपाळावर हात मारून घेतला. "एक काल मी खाल्ला रं! त्या लेकराच्या तोंडचा घास मी खाल्ला. आन् मला ठावं बी न्हाई!"

ती पदराने डोळे पुसू लागली. त्याला वाटलं, पंगतीत हसली होती तेव्हा रागावली असती तर बरं झालं असतं.

"आजी, मी तुला त्या दिशी पंगतीत..."

"घोरती म्हनला व्हतास. मंग? घोरतेच मी!" म्हातारी कडाडली. "त्येवढ्यापायी बाळंतीण तीन दिस उपाशी ठिवलीस व्हय? अरं, माझ्या घोरण्याची लाज तुला का?"

तिने मासा ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हाती दिला. मग एक मडकं पुढे ओढलं. मडक्याचं झाकण काढताच नाक धरावंसं वाटलं. आत कोंबडीची काळजं होती, दोन दिवस मुरलेली.

"हा मासा आजचा झाला," ती म्हणाली. "उद्याचं हे घे. शिंगटा मिशांनी हुंगत येतो, त्याला वास पायजे. आन् गळ हा, मधला. दांडगा न्हाई, सुई न्हाई. हातभर माशाच्या तोंडात मावंल आन् त्याच्या जोरानं वाकणार न्हाई असा. एक लावून दाव मला."

त्याने घाईघाईने काळजाचा तुकडा घेतला आणि गळावर दाबून दाबून बसवला, इतका की गळ दिसेनासा झाला. म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली.

"टोक झाकू नगंस! समदे हीच चूक करत्यात. वाटतं, टोक दिसलं तर मासा पळंल. अरं, हातात दोरी असती तर झटका देता येतो, आन् झाकलेलं टोक बी रुततं. भोपळ्याला हात हायत का झटका द्यायला? मासा नुसतं आमिष चोखतो आन् जातो. आन् सकाळी तू रिकामी दोरी वढीत बसतोस." तिने नखाने मांस मागे सारलं. गळाचं टोक उघडं झालं. "तू माझ्याकडं दोन खेपा केल्यास, दोन्ही बारीला असंच केलंस. आमिष काय कमी लावलंस? थंडी लावलीस, उंबर लावलास, पाव्हणे लावलेस, दोस्त लावलास. टोक त्येवढं दिसू दिलं न्हाईस. मग मी अडकायची कशी?"

त्याने दुसरा तुकडा घेतला आणि या वेळी टोक उघडं ठेवून गळाला लावला.

"जा आता. चूल तरी पेटवता येती का तुला? का ती बी शेजारनीनंच पेटवायची?"

त्या दिवशी बायकोच्या पोटात वाटीभर सार गेलं. दुसऱ्या सकाळी चारातले दोन भोपळे बुड्या मारत होते. पाचव्या दिवशी दूध उतरलं, आधी थेंब थेंब, मग पुरेसं. मुलगी वाचली. अंगाने मात्र ती पुढे बरेच महिने किरकोळच राहिली, आणि तिला उचलून घेताना बापाला दरवेळी ते तीन दिवस हाताला जाणवत.

बायको उठून बसायला लागली तेव्हा त्याने तिला खरं सांगितलं. म्हातारीला पहिल्या दिवशी आपण काहीच सांगितलं नव्हतं, हेही सांगितलं. बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजीला बारशाला बोलवा. आन् तोंड उघडून बोलवा."

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. जाळं फेकत राहिला, भोपळेही सोडत राहिला. जीभ पूर्वीसारखीच तिखट होती, ती काही माशाच्या साराने सुधारली नाही. पण एक गोष्ट बदलली. कोणी दाराशी येऊन बसला आणि उगाच थंडी-वाऱ्याबद्दल फार बोलू लागला, की तो हातातलं काम बाजूला ठेवायचा आणि विचारायचा, "घरी कोन आजारी हाय बाबा?" येणारा आधी दचकायचा. मग बहुतेक वेळा घरी खरंच कोणीतरी आजारी निघायचं.

लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: झाकल्या टोकाला मासा लागत नाही आणि झाकल्या दुःखाला मदत मिळत नाही.